क्रूझ, जुलाब आणि फॉर्मवरचा एक 'नाही'



मागच्या महिन्यात एका मंगळवारी, दवाखाना बंद करायच्या वेळेला एक गृहस्थ आले. जुने पेशंट, सगळं कुटुंब माझ्याकडेच येतं. शनिवारी मुंबईहून क्रूझवर निघायचं होतं, गोवा आणि लक्षद्वीप. चौघांचे मिळून दीड लाखाच्या वर भरून झालेले, आणि सोमवारी रात्रीपासून पोट बिघडलेलं. पाच-सहा जुलाब, दोन उलट्या. "डॉक्टर, थांबवायची एखादी जालीम गोळी द्या," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तिथे चढताना फॉर्म भरून घेतात म्हणे. त्यावर 'नाही'च लिहितो ना?"

तपासलं, ओआरएस लिहून दिलं. फॉर्मच्या प्रश्नावर मात्र मला पटकन बोलता आलं नाही. हाच प्रश्न मला 2017 साली एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ती हकीकत आज तुम्हाला सांगतो. आजाराची माहिती ओघात येईलच.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सिंगापूरला गेलो होतो. मी, सौ., तिचे थोरले भाऊ, वहिनी आणि माझ्या सासूबाई. ग्रुप टूर होती. तीस-बत्तीस माणसं, बरोबर टूर मॅनेजर, कुणाच्या ना कुणाच्या बॅगेत चिवडा आणि बाकरवडी. दोन दिवस सिंगापूर बघायचं आणि मग चार रात्रींची क्रूझ: पिनांग, फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर.

बोटीवर चढायच्या आदल्या रात्री दोन वाजता मेहुण्यांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. अचानक उलट्या सुरू झालेल्या, पाठोपाठ पाण्यासारखे जुलाब. सकाळपर्यंत तीन उलट्या आणि चार जुलाब झाले. डॉक्टरच्या बॅगेत औषधं असतातच. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन दिली, जुलाबासाठी लोपेरामाइड. सकाळी दहापर्यंत ते बऱ्यापैकी उभे राहिले.

टर्मिनलवर प्रत्येकाच्या हातात आरोग्याचा फॉर्म दिला. गेल्या काही दिवसांत ताप, उलटी, जुलाब झालेत का? मेहुण्यांनी पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "रात्रीचं खाणं बाधलं असेल. आता थांबलंय ना? मग झालं." त्यांनी 'नाही'वर खूण केली. खाली आणखी एक प्रश्न होता: असा त्रास असलेल्या कुणाच्या निकट संपर्कात होतात का? तिथे मीही 'नाही' लिहिलं. एमडी मेडिसिन झालेल्या माणसाने!

सासूबाईंची कित्येक वर्षांची इच्छा होती, पैसे भरलेले होते, एकामुळे पाचही जणांची सहल बुडाली असती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी माझ्या मनात नोरोव्हायरस हा शब्द आला होता आणि मी तो बाजूला सारला, हेही तितकंच खरं आहे.

हा नोरोव्हायरस म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. 1968 साली तिथल्या एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. 1972 मध्ये त्या साथीतल्या नमुन्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू दिसला. गावावरून नाव पडलं. शरीरात शिरल्यावर साधारण 12 ते 48 तासांत तो त्रास सुरू करतो. उलट्या एकदम येतात, जुलाब पातळ असतात, पोटात कळा, अंग दुखणं, कधी बारीक ताप. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. म्हणूनच आपण त्याला 'पोट बिघडलं' एवढंच म्हणतो आणि सोडून देतो.

त्याच्या तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तो अगदी थोडा पुरतो. शंभरापेक्षा कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि आजारी माणसाच्या विष्ठेत ते अब्जावधींनी असतात. दुसरं, तो चिवट आहे. कठडा, लिफ्टचं बटण, बुफेतला चिमटा, अशा ठिकाणी तो कित्येक दिवस टिकतो, आणि ज्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर आपला फार विश्वास आहे त्याला तो फारसा जुमानत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, निदान वीस सेकंद चोळून. तिसरी गोष्ट मला त्या दिवशी सगळ्यात गैरसोयीची होती. त्रास थांबला म्हणजे संसर्ग थांबला असं नाही. बरं वाटू लागल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस तर माणूस चांगलाच संसर्गजन्य असतो, आणि विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडत राहतो.

आणि लोपेरामाइड? ती आतड्याची हालचाल मंद करते. विषाणूचं ती काही करत नाही. म्हणजे मी मेहुण्यांना बरं केलं नव्हतं, फक्त संडासच्या फेऱ्या कमी करून बुफेच्या रांगेत उभं राहण्याइतकं सावरलं होतं. (एक सूचना इथेच देऊन टाकतो. जुलाबात रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर ही गोळी स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. लहान मुलांना तर देऊच नका.)

बोटीवरचा पहिला दिवस झकास गेला. बुफेच्या दारात एक हसतमुख मुलगी हातात स्प्रेची बाटली घेऊन गाण्याच्या चालीवर "वॉशी वॉशी" म्हणत उभी असायची. शेजारीच हात धुवायची बेसिनं होती. आपली मंडळी तिच्या हातातला स्प्रे चुकवून, एकमेकांच्या आडून, आत शिरण्यात मोठी मर्दुमकी मानत होती. आमच्याच ग्रुपमधले एक जण म्हणाले, "आत्ताच तर अंघोळ केलीय!" बुफेत मेहुण्यांनी पावाच्या टोपलीत हात घातला, दोन पाव चाचपून तिसरा उचलला. चिमटा शेजारीच होता. मी बघितलं, आणि बोललो नाही.

नियम मोडण्याचे इतरही प्रकार तुम्हाला क्रूझवर दिसतील. सकाळी सहाला पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवायची आणि अकराला उगवायचं, हा त्यातला निरुपद्रवी प्रकार. भांडणं होतात, जीव जात नाही. लंगोट बांधलेलं बाळ मोठ्यांच्या तलावात सोडणं मात्र माझ्या लेखी निरुपद्रवी नाही. लंगोटातून काय झिरपतं ते आयांना सांगायला नको. तिथे तशी पाटीही होती.

काही नियमांमागे तर अपघातांचा इतिहास आहे. बाल्कनीत सिगारेट ओढू नका म्हणतात, कारण 2006 साली जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाला बाल्कन्यांवरून आग लागली, एक प्रवासी दगावला, आणि तपासात बहुधा एका न विझवलेल्या सिगारेटनेच ती लागली असावी असं ठरलं. आपल्याकडच्या बॅगांमधून केटल, इस्त्री, कधी चक्क इंडक्शनची शेगडी निघते, ती ठेवून घेतात ती याच भीतीने. सुरुवातीला जी सुरक्षेची कवायत असते तिला दांडी मारून लोक फोटो काढत बसतात. 13 जानेवारी 2012 च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीत जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटलं. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्या काळी ती 24 तासांत घेतली तरी चालायची. त्या अपघातात 32 माणसं गेली आणि नियम बदलला. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच होते. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे.

पण सिगारेट, केटल, दांडी या गोष्टी कुणाच्या तरी डोळ्यांना दिसतात, कर्मचारी येऊन टोकतात. लपवलेला आजार कुणाला दिसत नाही. तो फक्त त्या माणसाला आणि त्याच्या डॉक्टरला माहीत असतो.

आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. वय 72. डायबेटिस, ब्लडप्रेशर. पन्नासावा लग्नाचा वाढदिवस म्हणून मुलाने आईवडिलांना पाठवलं होतं. पहिल्या दिवशी जेवायला ते आमच्याच टेबलावर होते, मेहुण्यांच्या शेजारी. दोघांचं क्रिकेटवर चांगलं जमलं होतं.

तिसऱ्या रात्री, फुकेत सोडून बोट परत निघाल्यावर, दोनच्या सुमाराला पुन्हा माझं दार वाजलं. या वेळी दारात काकू होत्या. "डॉक्टर, हे बाथरूममध्ये पडलेत." गेलो तर सर फरशीवर बसलेले, भिंतीला टेकून. जीभ कोरडी ठणठणीत, नाडी बारीक आणि जोरात, हातपाय गार. जुलाब किती झाले ते त्यांना मोजता येत नव्हते. लघवी दुपारनंतर झालीच नव्हती. बोटीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं ब्लडप्रेशर 80 होतं. क्रिएटिनिन 3.4 निघालं. भारतातून निघताना ते 1.1 होतं, रिपोर्ट काकूंच्या पर्समध्येच होता.

हे कसं झालं, ते मधुमेह-ब्लडप्रेशरवाल्या प्रत्येकाने नीट वाचा. जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं. किडनीला रक्त कमी पोचतं. अशा वेळी किडनी स्वतःला सावरायचा प्रयत्न करते. पण सर रोज टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध अशी एकत्र गोळी घेत होते, आणि 'गोळी चुकवायची नाही' या शिस्तीने त्या दिवशीही त्यांनी ती घेतली. पाणी आधीच कमी, त्यात गोळीने लघवीवाटे आणखी बाहेर काढलं आणि किडनीचा सावरायचा मार्गही अडवला. मेटफॉर्मिनही चालूच होती. किडनी थकल्यावर ती अंगात साठते. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढं विचारून ठेवा की जुलाब-उलट्या लागल्या तर माझ्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या. ते कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय निघूही नका. आणि खऱ्या ओआरएसची पाकिटं बॅगेत टाका, एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

बोटीवरच्या डॉक्टर दक्षिण आफ्रिकेच्या होत्या, तरुण आणि अतिशय तत्पर. दोन्ही हातांना सलाइन लावून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हीही डॉक्टर आहात म्हणून विचारते. तुमच्या ग्रुपमध्ये यांच्याआधी कुणी आजारी होतं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. फार तर अर्धा मिनिट गेला असेल. पण बत्तीस वर्षांच्या डॉक्टरकीत इतकं लांब अर्धं मिनिट मला दुसरं आठवत नाही. मग सांगितलं. सगळं सांगितलं, फॉर्मसकट.

त्या रागावल्या नाहीत. कॉम्प्युटरवर काहीतरी भरलं आणि म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं." तोपर्यंत बोटीवर आणखी अकरा जणांची नोंद झाली होती, त्यात दोन लहान मुलं. पैकी चौघं आमच्याच ग्रुपमधले. सकाळी मेहुण्यांना केबिनमध्येच थांबायला सांगितलं गेलं आणि बोटीवरची व्यवस्था बदलली. बुफेतले चमचे प्रवाशांच्या हातून गेले, कर्मचारी वाढू लागले. कठडे दर तासाला क्लोरीनने पुसायला सुरुवात झाली.

आमच्या केबिनची साफसफाई करणारा मुलगा मडगावचा होता. मराठी कळायचं, आमच्याशी अर्धी कोंकणी, अर्धी मराठी बोलायचा. त्या दिवशी तो अंगात प्लास्टिकचा झगा, तोंडाला मास्क, हातात मोजे अशा अवतारात भेटला. सकाळपासून तो उलट्या झालेल्या केबिन धूत होता. सासूबाईंनी त्याला "जपून रे बाळा" म्हटलं, तर हसून म्हणाला, "तुम्ही उद्या घरी जाल, आजी. मला अजून पाच महिने इथेच राहायचंय." अशी हजारो मुलं गोव्यातून, मुंबईतून, कोकणातून या जहाजांवर आहेत. आपल्यातल्या कुणाच्या तरी खोट्या खुणेचा वास त्यांच्या नाकात जातो.

आता तुम्ही म्हणाल, मग क्रूझवर जायचंच नाही का? जरूर जा. नोरोव्हायरसच्या नोंद होणाऱ्या साथींपैकी जेमतेम एक टक्का क्रूझवरच्या असतात, असं अमेरिकेची सीडीसी सांगते. बाकीच्या दवाखाने, वृद्धाश्रम, शाळा, हॉटेलं इथल्या. क्रूझचा बोभाटा जास्त होतो, कारण अमेरिकन बंदरांत जाणाऱ्या जहाजांना प्रत्येक जुलाबाची नोंद ठेवावी लागते आणि तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की ती साथ जाहीर होते. लग्नाच्या हॉलमधल्या पंगतीची अशी नोंद कोण ठेवतं?

लोक का लपवतात, तेही मला कळतं. एक भीती डॉलरमधल्या बिलाची असते. गंमत अशी, की आमच्या बोटीवर जुलाब-उलट्यांच्या तपासणीचे पैसे घेतच नव्हते, आणि ते केबिनमधल्या माहितीपत्रकात छापलेलंही होतं. दुसरी भीती कोंडून ठेवतील ही. 2020 मध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस'वर 3711 माणसं अडकली, दोन आठवडे केबिनमध्ये बसली, तरी 712 जणांना कोरोना झाला, तेव्हापासून ही भीती जास्तच बसली आहे. पण साध्या पोटाच्या संसर्गात तसं करत नाहीत. साधारणपणे त्रास थांबल्यावर एखादा दिवस केबिनमध्ये राहायला सांगतात आणि जेवण तिथेच आणून देतात. लवकर सांगितलंत तर एक-दोन दिवस जातात. लपवलंत तर दुसऱ्या कुणाचे जातात.

तर त्या मंगळवारच्या पेशंटना मी काय सांगितलं? म्हटलं, शेवटची उलटी किंवा जुलाब कधी होतो ती वेळ लिहून ठेवा. त्यानंतर पूर्ण 48 तास स्वच्छ गेले तर निघायला हरकत नाही, पण फॉर्मवर काय झालं आणि कधी थांबलं ते खरं लिहायचं. 48 तास गेले नाहीत तर आदल्या दिवशीच कंपनीला फोन करून तारीख बदलून मिळते का विचारायचं. निघालात तरी बुफेतले चमचे तुम्ही धरायचे नाहीत, बायकोने वाढायचं, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवायचे. गोळी देणार नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. त्यांचा त्रास बुधवारी दुपारी थांबला. शनिवारी टर्मिनलवर त्यांनी खरं लिहिलं. त्यांना बाजूला बसवलं, प्रश्न विचारले, ताप पाहिला आणि अर्ध्या तासाने सोडलं. लक्षद्वीपचे फोटो परवा दाखवून गेले.

सिंगापूरला सरांना हॉस्पिटलमध्ये सहा दिवस राहावं लागलं. विमा होता म्हणून निभावलं. डायलिसिसची वेळ आली नाही, पण क्रिएटिनिन पुन्हा 1.1 वर कधीच आलं नाही, 1.6 वर येऊन थांबलं. काकूंनी माझा हात धरून आभार मानले. "तुम्ही होतात म्हणून हे वाचले." मी मान खाली घालून उभा होतो. मेहुणे माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत; मी त्यांचं नाव सांगितलं याचा त्यांना राग होता. सरांना संसर्ग मेहुण्यांकडूनच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. दोघांचे नमुने कुणी जुळवून पाहिले नाहीत. वेळेचा हिशोब तेवढा जुळतो.

हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा मी सरांना साताऱ्याला फोन केला. आठ वर्षं काढली होती, पण त्यांना न सांगता लिहिणं जमेना. मेहुण्यांची रात्र, माझ्या गोळ्या, दोन फॉर्म, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, फोन ठेवला असेल.

मग सर म्हणाले, "डॉक्टर, मला फुकेतच्या दिवशी पहाटेच सुरू झालं होतं. हिला सांगितलं नाही. फुकेत बघायची तिची फार इच्छा होती. बसमध्ये पुढच्या सीटवर ती दोन लहान मुलं होती, आठवतात? चढता-उतरता त्यांचा हात धरायचो मी. त्यांना नंतर झालं ना?"

मी हो म्हणालो.

"नावं आठवतात का तुम्हाला त्यांची?" त्यांनी विचारलं. मला आठवत नव्हती.